पाळकाचं पोर शेवटी

पत्र वाचून झालं, घडी घालून पाकिटात परत गेलं, तरी डोहवाडीच्या ख्रिस्ती देवळातलं एकही माणूस जागचं हललं नाही. झावळ्यांच्या रविवारची उपासना संपून पाऊण तास झाला होता. पोरांनी सकाळी मिरवलेल्या सिंदीच्या झावळ्या दारात पडल्या होत्या, बाहेर चुलीवर चहा उकळून उकळून काळा झाला होता, आणि मालनबाईंच्या डोक्यात त्याच्याहून जास्त उकळत होतं.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

रणपिसे सरांनी चष्मा पुसला. साऱ्या मंडळ्यांवरच्या समितीचे सचिव, पुण्याहून खास त्यासाठी आलेले. "पाळकीणबाई, दोनदा वाचलं की."

"तिसऱ्यांदा वाचा. आमच्या देवळाचं मढं उचलाया आलाय, तर कशानं मेलं ते तरी नीट कळू द्या."

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. सरांनी मुकाट्यानं पाकीट उघडलं. मजकूर चार ओळींचा. ज्या मंडळीत सलग पाच वर्षं एकही बाप्तिस्मा झालेला नाही, ती मंडळी बंद समजावी आणि तिचे सभासद जवळच्या मंडळीत सामील करून घ्यावेत. डोहवाडीची पाच वर्षं पुढच्या रविवारी, ईस्टरला, भरत होती. जवळची मंडळी म्हणजे भीमेपलीकडची, दौंडची.

"मला आनंद होतोय असं समजू नका," सर म्हणाले. "मीही ह्याच डोहातला आहे. एकोणऐंशी साली, सतरा वर्षांचा होतो. आबांनीच बुडवलं मला."

"तवा जरा जास्त वेळ धराया पायजे व्हतं," मालनबाई पुटपुटल्या. पुटपुटणं म्हणजे त्यांच्या मापानं. तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आबा, म्हणजे मालनबाईंचे नवरे मारुतराव, बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, सदुसष्ट वर्षं ह्या एका देवळाचे उपदेशक. पाच वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. पाण्यात उभं राहणं संपलं आणि बाप्तिस्मेही संपले. तेव्हापासून व्यासपीठावर उभी राहते ती प्रतिभा, त्यांच्या मेलेल्या धाकट्या मुलाची, सत्यजीतची बायको. समितीच्या कागदात ती नुसतं 'वाचन' करते. प्रत्यक्षात आजारी माणसाच्या उशाशी तीच बसते, भांडणं तीच मिटवते, मातीला तीच उभी राहते. खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात मालनबाई स्वतः तिच्याशी बोलल्या नव्हत्या. सून देवळात पुढं उभी आणि सासू खाली चटईवर, हे त्यांच्या घशाखाली उतरायला वेळ लागला. पण उतरलं.

देऊळ तरी केवढं? काळ्या दगडाच्या चार भिंती आणि वर पत्रा. सासऱ्यांनी, हरिबांनी, उभं केलेलं. मिशनचा गोरा साहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचा आणि फोटो काढून जायचा. बाकीचे एकोणतीस दिवस हरिबा खांद्याला पुस्तकांची झोळी लावून, चिपळ्या वाजवत, शिरूरच्या बाजारापासून दौंडच्या रेल्वे चाळींपर्यंत अनवाणी हिंडायचे. वडाखाली कीर्तन करायचे. कुणी भाकरी दिली तर खायचे, कुणी कुत्रं सोडलं तर पुढच्या गावाला लागायचे. साहेब म्हणाला, बाप्तिस्मा झाला, आता नवं नाव घे. हरिबा म्हणाले, "देवानं मला हाक मारली ती हरिबा म्हणून. नाव बदललं तर पुढल्या खेपंला वळखंल कसा त्यो?" तेव्हापासून ह्या घरात कुणी नाव बदललं नाही. साहेब त्याच्या देशाला गेला, हरिबाचं देऊळ राहिलं. आणि आता चार ओळींच्या कागदानं ते बंद व्हायचं म्हणे. हे शोभतं का कुणाला?

"आई, ऐकून तर घे." ईश्वर उठला. थोरला मुलगा, रेल्वेत टीसी, दौंडच्या मंडळीत डीकन, म्हणजे कारभारी. रणपिसे सरांना गाडीत घालून आणणारा तोच. "इथं माणसं उरलीत किती? एकतीस. त्यात पोरं नऊ. दौंडला पक्कं देऊळ हाय, आत बाप्तिस्म्याला फरशीचा हौद हाय, थंडीत गरम पाणी सोडत्यात. मी रविवारी गाडी पाठवीन. आबांना माझ्याकडं नेईन, दवाखाना दारात हाय. वाईट काय सांगतोय मी?"

वाईट काहीच सांगत नव्हता, तोच तर त्रास होता. विसाव्या वर्षी ह्याच ईश्वरनं बापाला म्हटलं होतं, मला उपदेशक व्हायचंय. मारुतराव म्हणाले होते, "तू माणसं बोलवत न्हाईस रं, हजेरी घेतोस." पोरगा त्याच महिन्यात रेल्वेच्या परीक्षेला बसला. ते बोलणं अडतीस वर्षं त्याच्या घशात हाडासारखं अडकलेलं आहे, हे आईला दिसत होतं. पण म्हणून देऊळ द्यायचं?

"एक बाप्तिस्मा पाहिजे ना?" खिडकीपाशी प्रांजल उभी राहिली. प्रतिभाची मुलगी, एकोणीस वर्षांची, रांजणगावच्या कंपनीत ट्रेनी. "माझा झालेला नाही. मला घ्यायचाय. आई देईल. आजच देऊ दे. विषय कट."

देवळात एकदम गलका झाला. कुणी "शाबास" म्हणालं, कुणी "अगं बाई".

डोहवाडीची रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. तान्ह्या पोराच्या कपाळाला पाणी लावायचं नाही. जाणतं होऊन, आपल्या मनानं आलं, तर भीमेच्या डोहात अख्खं बुडवायचं. नावं शनिवारी सांजच्यालाच वहीत लिहून ठेवायची, कारण रविवारी ओल्या हातानं शाई फिसकटते. पाण्यात उतरलं की पाळक विचारणार, 'कोणाच्या सांगण्यावरनं आलास?' आणि उत्तर द्यायचं, 'कोणाच्याच न्हाई. माझ्या पायानं आलो.' ते ज्याचं त्यानंच द्यायचं; दुसऱ्यानं दिलेलं चालत नाही. आणि पाळकाचं पोर त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी. पंगतीत वाढप्यानं आपलं ताट आधी भरून घ्यायचं नसतं.

मालनबाईंनीही हेच उत्तर दिलं होतं, सोळाव्या वर्षी. तेव्हा पुढच्याच बुधवारी लग्न होतं, आणि बाप्तिस्मा नसलेली नवरी पाळकाला चालणार नव्हती. त्या खरं कोणाच्या पायानं आल्या होत्या ते त्यांचं त्यांना माहीत. असो.

"प्रतिभा देणार बाप्तिस्मा?" ईश्वर म्हणाला. "ती वाचती, गाती, कुणी अडवलंय? पण पाण्यातला हात साधा नसतो. हरिबांचा हात आबांवर, आबांचा आपल्या सगळ्यांवर. ही साखळी हाय. मधीच भलता हात घातला तर ती तुटती."

"साखळी ओढली की गाडी थांबती, मोठे पप्पा," प्रांजल म्हणाली. "तुम्हीच दंड लावता."

"प्रांजल!" प्रतिभानं डोळे वटारले. मग ती दिराकडं वळली. आवाज हळू होता, पण कापत नव्हता. "भाऊजी, पाच वर्षं मी इथं आहे. ह्यांच्यातल्या सात जणांना मी मातीत ठेवलं. तेव्हा भलता हात आहे असं कुणी म्हणालं नाही. मेलेल्याला चालतो, मग जित्याला का नको?"

ईश्वरनं तोंड उघडायच्या आत हौसराव बोलले. हौसराव म्हणजे इथले डीकन, वही सांभाळणारे, मारुतरावांचा उजवा हात. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, तुझ्यावानी सेवा मी कुणाची बघितली न्हाई. पर ईश्वर म्हंतोय त्यात बी खोट न्हाई. हाताचा मान ऱ्हायला पायजे. उद्या कुणी इचारलं, ही पोर कुणाच्या हातची, तर काय सांगायचं? आमची आई मरस्तवर सांगायची, मी हरिबांच्या हातची. त्याचा तिला केवढा तोरा व्हता."

इथं बिशप नाही की साहेब नाही. पाण्यात कुणाचा हात ते मंडळी उभी राहून ठरवते आणि तेच शेवटचं. हौसराव जिकडं जातील तिकडं निम्मे बाक जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. रणपिसे सरांनी घड्याळ बघितलं. "मग मत घेऊ या का?"

ठाण्‌कन काठी फरशीवर आपटली.

"साखळी," मारुतराव म्हणाले. डाव्या हातानं खुर्ची धरून ते उभे राहात होते. प्रतिभा पुढं झाली, त्यांनी मानेनंच तिला थांबवलं. "कसली... साखळी? मी पाण्यात गेलोच न्हाई."

कुणाला काही कळलं नाही. जीभ जड, शब्द तुटके; हौसरावांना वाटलं ते आजचं म्हणतायत. "आज कशाला जाताय आबा पाण्यात? बसा तुम्ही."

"आज न्हाई. कंदीच न्हाई. माझा बाप्तिस्मा... झालेलाच न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत सांगितलं. अठ्ठावन्न साल. मारुती पंधरा वर्षांचा. शनिवारी हरिबांनी वहीत सहा नावं लिहिली, सहावं आपल्या पोराचं. रविवारी डोहात पाच जण झाले. पाळकाचं पोर शेवटी, म्हणून मारुती काठावर उभा. पाचवी बाई वर आली आणि हरिबांनी छातीवर हात दाबला. पोराकडं बघून म्हणाले, "पुढल्या रईवारी," आणि खाली बसले, पाण्यातच.

"मी उडी टाकली. बापाला... वडून काढलं. सांजच्याला त्यो गेला."

"पाचवी म्हंजी माझी आई," हौसराव म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "ती तर सांगायची, मारुती गळ्यापातुर भिजलेला मी डोळ्यानं बघितला!"

"भिजलो व्हतो. बापाला वडताना. काठावरच्यांनी बघितलं, पोरगं भिजलंय... वहीत नाव हाय... झालं. पुढल्या रईवारी वाचाया कुणी नव्हतं. मला येत व्हतं. मी उभा ऱ्हायलो. मग कुणाला सांगू?"

"म्हणजे पाण्यात बुडालात ना, आबा," रणपिसे सर घाईनं म्हणाले. "मग झालंच की ते. तांत्रिक बाब आहे."

"म्हस बी बुडती डोहात, रोज. मला कुणी इचारलं न्हाई, कोणाच्या सांगण्यावरनं आलास. मी सांगितलं न्हाई." त्यांनी काठी उचलून वहीकडं रोखली. "हौसा. मी किती जणांना घातलं?"

हौसरावांना वही उघडावी लागली नाही. "चारशे सव्वीस."

"ईश्वर. हातावर असंल... तर तू कोरडा. रणपिसे, तुमी कोरडं. चारशे सव्वीस कोरडं. हाय कबूल?"

"आबा, गप बसा!" ईश्वरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दुखण्यानं तुमचं डोकं..."

"डोकं शाबूत हाय त्यांचं," मालनबाई ओरडल्या. नवऱ्याची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं, पण राग नवऱ्याचाच आला होता. त्या उठल्या, झावळ्या तुडवत बाहेर चुलीपाशी गेल्या आणि करपलेला चहा मातीत ओतून दिला.

काठीचा आवाज मागोमाग आला.

"आत जावा," त्या न वळता म्हणाल्या. "साऱ्या देवळाला सांगितलंत, आता पुन्हा मला येगळं काय सांगाया आलाय? साठ वर्षं एका घरात, आवं साठ वर्षं! तुमच्या तोंडातला दात दुखला तर मला आधी कळतं, आन् हे न्हाई कळलं? का न्हाई सांगितलंत?"

"पयल्यांदा भ्या वाटलं. सगळी मागं फिरतील. मग... लाज वाटली."

"आन् आज न्हाई वाटली?"

"वाटली की. पर त्या पोरीला भलता हात म्हणाले." मारुतरावांच्या लुळ्या गालावरून पाणी आलं, ते त्यांना कळलंही नाही. "माझा हात सदुसष्ट वर्षं भलता व्हता, मालन. तरी देवानं चालवून घेतला."

मालनबाईंना रडू आलं आणि त्याचाही राग आला. त्यांनी पदरानं आधी त्यांचं तोंड पुसलं, मग आपलं. केवढं ओझं घेऊन हा माणूस दर रविवारी उभा राहिला, आणि आपण त्याला लिंबू-मिरचीचं लोणचं वाढत राहिलो. आणि त्याचबरोबर मनात आलं, की झाकून ठेवलेलं काय ह्यांच्या एकट्याकडं आहे?

"मग आता काय करायचं?"

"पाण्यात जायचं."

"पुढल्या रईवारी जाऊ. ईस्टर हाय. नीट गरम पाणी..."

"पुढल्या रईवारी न्हाई." पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांचा जुना आवाज निघाला. "पुढल्या रईवारी म्हणला आन् माझा बाप गेला. आज."

दोघं परत आत आले तेव्हा गलका चालूच होता. मालनबाईंनी घंटेच्या दोरीला हिसडा दिला, तशी सगळी गप्प झाली.

"ह्यांना बाप्तिस्मा घ्यायचाय. आज, डोहात, प्रतिभाच्या हातनं. ज्याला पटतंय त्यानं उभं ऱ्हावं. ज्याला न्हाई पटत त्यानं ईश्वरच्या गाडीत बसावं, एसी हाय त्यात."

प्रांजल उभी राहिली. पोरांनाही उभं राहायचं होतं, त्यांना आयांनी दाबलं. बाकी कुणी नाही. हौसराव टोपीच्या कडा चाचपत होते. साऱ्या देवळाचे डोळे त्यांच्यावर.

"माझी आई खोटं बोलली न्हाई," ते शेवटी म्हणाले. "तिला दिसलं ते तिनं सांगितलं. पर आई कोरडी न्हाई. आन् आबाच्या हातचा मी बी कोरडा न्हाई. हे मला शास्त्रातनं न्हाई सांगता यायचं, पर मला म्हाईत हाय." आणि ते उभे राहिले. मागोमाग बाकांचे पाय फरशीवर खरखरले.

रणपिसे सर बसूनच होते. पत्राचं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. मग तेही हळूच उठले. "नियमात फक्त बाप्तिस्मा झाला पाहिजे असं आहे. कुणाच्या हातानं ते लिहिलेलं नाही. लिहायचं राहिलं असेल. समितीला काय सांगायचं ते मी बघतो." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "मी कोरडा नाही, आबा."

एकटा ईश्वर बसून राहिला. "पाण्याकडं तरी बघा," तो म्हणाला. "साऱ्या पुण्याची घाण त्या नदीत येती. ब्याऐंशी वर्षांचा माणूस! काय झालं त्यांना तर मी कुणाला जाब विचारू?"

"येशूनं बाप्तिस्मा घेतला त्या यार्देन नदीला काय फिल्टर बसवला व्हता व्हय?" मारुतराव म्हणाले.

पण पाण्याचं खरंच होतं. डोह म्हणजे नुसता हिरवा गालिचा. बंधाऱ्याचे ढापे टाकलेले, अडलेल्या पाण्यावर जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत. माणसं विळे, बांबू, जुनी लुगडी घेऊन उतरली. अर्ध्या तासात खाटेएवढी जागाही मोकळी होईना. तेवढ्यात धडधडत ट्रॅक्टर आला. शेजारच्या मळ्यातले सर्जेराव, घरात पिढ्यांची पाटीलकी, ह्या देवळात कधी पाऊल न टाकलेले.

"कसला दंगा हाय?" त्यांनी विचारलं. हौसरावांनी दोन वाक्यांत सांगितलं.

"देऊळ बंद करत्यात? आमच्या गावचं? ईचारलं कुणाला?" सर्जेरावांनी ट्रॅक्टर उलटा घेतला आणि नांगराला दोर बांधायला घेतला. "आमच्या आज्यानं हरिबावर कुत्रं सोडलं व्हतं म्हंत्यात. आमची म्हातारी कायम म्हणायची, ते लई वाईट केलं. बांधा त्या लुगड्याला दुसरं टोक, वडतो."

चार फेऱ्यांत डोहाचं काळं पाणी उघडं पडलं. वास येत होता, कुणी नाक धरलं नाही.

प्रतिभा आधी उतरली, पांढऱ्या साडीत, छातीएवढ्या पाण्यात. तिचे ओठ हलत होते. मारुतरावांनी धोतराचा काचा मारला. कोरडं धोतर खांद्यावर घेऊन काठावर उभं राहायचा मान घरच्या माणसाचा. ते मालनबाईंकडं होतं. नवऱ्यानं काठीही त्यांच्याकडंच दिली.

"आवं, काठी असू द्या. न्हाईतर मी धरते."

"माझ्या पायानं," ते म्हणाले.

दहा पावलांची उतरण. पाचवं पाऊल लुळ्या पायाचं पडलं आणि ते गुडघ्यावर आले. प्रतिभा पाण्यातून झेपावली. "हात लावू नगंस!" चिखलात डावा हात रोवून ते उठले. उजवा पाय ओढत, पुन्हा एक, पुन्हा एक. वर रस्त्यावर गाडीचं दार वाजलं आणि ईश्वर धावत उतरणीवर आला, पण पाण्याच्या कडेशी थांबला. मालनबाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही. त्या नवऱ्याची पावलं मोजत होत्या.

पाणी कमरेला आलं, छातीला आलं. पाण्यानं त्यांना उचलून धरलं तसे ते ताठ झाले.

"कोणाच्या सांगण्यावरनं आलात?" प्रतिभानं विचारलं.

मारुतरावांनी तोंड उघडलं. जीभ वळेना. "को..." घशात घरघर झाली. "को..." सर्जेरावांनी ट्रॅक्टर बंद केला. चारशे सव्वीस वेळा ऐकलेलं उत्तर, आणि आता त्यांच्या तोंडातून निघेना! मालनबाईंच्या ओठांवर ते आलं होतं. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"कोणाच्याच... न्हाई." मग एक मोठा श्वास. "माझ्या. पायानं. आलो."

प्रतिभानं एक हात पाठीला लावला, दुसरा छातीवरच्या हातांवर ठेवला, आणि म्हातारा पाण्याखाली गेला. अख्खा गेला, शेंडीपासून टाचेपर्यंत. वर आला तो खोकत, हसत, डोक्यावर जलपर्णीचं एक पान घेऊन. हौसरावांनी टाळ बडवले. पोरं झावळ्या घेऊन नाचायला लागली. रणपिसे सर चष्मा काढून दुसरीकडंच बघत होते.

"पुढं कोण?" प्रतिभानं हाक दिली, रीतीप्रमाणं.

प्रांजल ओढणी आवळून पाण्यात शिरली.

"थांब." मारुतराव होते. छातीएवढ्या पाण्यात उभे, सुनेच्या आधारानं. "पाळकाचं पोर... शेवटी."

क्षणभर कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हातारा काय बोलून गेला ते. मग आलं: पोर प्रांजल, तर पाळक तिची आई. प्रतिभाच्या आलं, आणि तिचा इतका वेळ न कापलेला आवाज आत्ता फुटला. ती ओंजळीत तोंड घालून रडली. ईश्वरच्याही आलं. तो मान खाली घालून पाण्याकडं बघत राहिला.

"पण आबा, माझ्या आधी कोणीच नाही," प्रांजल म्हणाली. "मग मी शेवटी कशी जाऊ?"

कुणीच नव्हतं खरं. बाकी सगळ्यांचे झालेले. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

मालनबाईंनी खांद्यावरचं कोरडं धोतर काढलं आणि ईश्वरच्या हातात कोंबलं. "धर. बाप भाईर आला की पूस त्याला. केस नीट कोरडं कर, न्हाईतर सर्दी व्हती त्यांना." काठी जमिनीवर टाकली, पदर खोचला, आणि शहात्तर वर्षांच्या मालनबाई पाण्यात चालू लागल्या.

"आत्याबाई, तुमचा तर झालाय," प्रतिभा भांबावून म्हणाली.

"तू पाळक हाईस नव्हं? पाळकानं इचारायचं. सांगायचं न्हाई."

प्रतिभानं डोळे पुसले. "कोणाच्या सांगण्यावरनं आलात?"

"मागल्या खेपंला ह्यांच्यासाठी आले व्हते. बुधवारी लगीन व्हतं म्हणून. आन् इथंच, ह्याच पाण्यात, तोंडावर खोटं बोलले." मालनबाईंचा आवाज पार पलीकडच्या काठाला, दौंड तालुक्यात, ऐकू गेला असेल. "ह्या खेपंला कोणाच्याच न्हाई. माझ्या पायानं आले."

"मालन!" मारुतरावांचा जबडा खाली आला होता.

"तुमी गप बसा. तुमी सदुसष्ट वर्षं बोलला न्हाईत, मी साठ वर्षं बोलले न्हाई. फिट्टंफाट." त्यांनी सुनेकडं पाठ केली, हात छातीवर जोडले. "घाल गं," म्हणाल्या, आणि डोळे मिटले.